हा झांगमध्ये तीन महिने इंग्रजी शिकवून आलो, वापरानंतरचा अनुभव

मे ते जुलै २०२५ असे पुरते तीन महिने उत्तर व्हिएतनाममध्ये, हा झांग नावाच्या ठिकाणी राहून आलो, परत येऊन आता बरेच दिवस झाले तरी शहाद्यात कोणी भेटलं की पहिला प्रश्न तोच, पैसे वसूल झाले का भो? म्हणून एकदाच लिहून टाकतो. ज्या संस्थेमार्फत गेलो तिला पाचपैकी दोन स्टार, तेही जड हाताने. हा झांगला आणि तिथल्या पोरांना पाचच्या पाच.

संस्थेचं आधी उरकतो. राहणं-जेवण फुकट, आठवड्याला पंधरा तास शिकवायचं, बाकी फिरा असं ठरलं होतं, तास गेले बावीसवर आणि जेवणात रविवार नाही. त्याहून वाईट म्हणजे व्हिसा. ९० दिवसांचा ई-व्हिसा २५ डॉलरमध्ये निघतो तो फिरायला, त्यावर शिकवणं कायद्यात बसत नाही, हे यांनी फी घेताना सांगितलंच नाही. मी शिकवत होतो त्या सेंटरच्या मॅडमनी धावपळ करून कागद नीट करून दिले म्हणून निभावलं. तुम्ही जाणार असाल तर कागदाचं आधी विचारा, फोटो नंतर बघा.

आता शिकवण्याचं. मी मराठी मिडियमचा, एबीसीडी पाचवीत पाहिली, त्यामुळे धाकधूक होतीच की आपलं इंग्रजी तिथे कोण ऐकून घेणार. पण झालं उलटंच. पोरं शब्दाचा शेवटचा स गिळतात, राइस म्हणायचं तर राइ, हाउस म्हणजे हाउ, कारण त्यांच्या भाषेत शब्द स वर संपतच नाही. मी वहीचा कागद फाडून बोटभर पट्टी केली, ओठांसमोर धरली आणि राइस म्हटलं, स आला की पट्टी फडफडते. दोन दिवसांत अख्खा वर्ग पट्ट्या घेऊन फुसफुस करत बसला होता. ज्याला इंग्रजी जन्मापासून येतं त्याला हे अडतं कुठे तेच कळत नाही, आपल्याला कळतं कारण आपणही इंग्रजी शिकताना कुठे ना कुठे असेच अडलेलो असतो. एक घोळ मात्र माझाच, चौथ्या आठवड्यात मॅडमनी रेकॉर्डिंग ऐकवलं, सगळी पोरं एका सुरात इस्कूल म्हणत होती. ते माझ्याकडून गेलं.

त्यांची भाषा मात्र मला झेपली नाही. सूर सहा, एकच मा सूर बदलला की भूत, ‘पण’ हा शब्द, घोडा, थडगं, भाताचं रोप असं काहीही होतं. पण एक गोष्ट घरची वाटली, तिथे सहसा सरळ तू-तुम्ही चालत नाही, समोरचा दादा आहे की काका की धाकटा ते ठरवूनच बोलायचं, म्हणून पहिल्या भेटीत वय विचारतात. आपल्याकडे आबा, नाना, भाऊ चालतं तसंच. मला सगळे थाय म्हणायचे, म्हणजे सर.

निघताना आईची एकच काळजी, तठे जाईसन काय खाशी रे? मांस-मासे नकोत हे सांगायला तोय आन चाय, मी शाकाहारी, एवढं पाठ करा, आणि तरी फिश सॉस येतोच, दोनदा निमूट खाल्लं. पण वांगं! निखाऱ्यावर भाजून सोललेलं, वरून गरम तेलात परतलेली कांद्याची पात आणि कुटलेले शेंगदाणे. पहिला घास घेतला आणि गप्पच झालो, भरितच ते, फक्त वांगं लांबट जांभळं आणि मिरचीचा ठेचा नाही. घरून नेलेला मसाला वर भुरभुरला तर मॅडमच्या आईने डबाच ठेवून घेतला.

फिरायला बाईक स्वतः चालवू नका. आपल्या आरटीओचं इंटरनॅशनल परमिट १९४९च्या आंतरराष्ट्रीय वाहतूक कराराचं असतं, व्हिएतनाम १९६८चा मानतो, म्हणून आपलं तिथे चालत नाही, अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करतात. मी लोकल ड्रायव्हरच्या मागे बसलो, चार दिवस, हा झांगहून डोंग वान, मेओ वाक आणि परत. मा पी लेंगचा घाट म्हणजे तोरणमाळचा घाट विसरा. हा सगळा १८५ किलोमीटरचा रस्ता १९५९ ते १९६५ मध्ये बहुतेक हातानेच फोडलाय, सगळ्यात अवघड कड्यावर माणसं दोराने लटकून अकरा महिने खपली. खाली न्हो क्वे नदी हिरवीगार, आणि दोन्ही बाजूंना नुसता चुनखडीचा दगड, त्या दगडांच्या खोबणीत मूठभर माती घालून तिथले ह्मोंग आदिवासी मका लावतात. मक्याचं पीठ वाफवून मेन मेन करतात, ते कोरडं घशाखाली उतरत नाही, सोबत रस्सा घ्या. जूनपासून जोराचा पाऊस, दरडी कोसळतात, तिसऱ्या दिवशी आम्ही तीन तास एका दरडीपाशी अडकलो होतो, म्हणून जायचं तर मेमध्येच उरका.

एक गंमत. १ जुलैला हा झांग प्रांत शेजारच्या तुयेन क्वांगमध्ये विलीन झाला, आणि मी वर्गात सांगितलं की आमचा नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला तोही १ जुलैलाच, १९९८ साली. पोरांना वेगळं होण्यापेक्षा माझं वय मोजण्यात जास्त रस होता.

खर्च विमान धरून लाखाच्या आत बसला, संस्थेची फी वेगळी आणि तीच सगळ्यात फुकट गेली. पुढच्या मेमध्ये परत जातोय, या वेळी थेट मॅडमशी बोललोय, संस्था नाही. मसाला दोन किलो न्यायचा आहे.