गूगल फॅमिली लिंक: सातवीतल्या मुलाच्या फोनसाठी घ्यावं का?

घ्या, बिनधास्त घ्या. मुलाच्या फोनवर आई-वडिलांना लक्ष ठेवता यावं म्हणून गूगलनं काढलेलं हे अ‍ॅप, पैसे पडत नाहीत. फक्त 'मोबाइलचं वेड कमी होईल' एवढ्याच आशेनं घेणार असाल तर लवकरच वैतागाल.

मी चिंचवडला घरून डबे देते. संध्याकाळी साडेपाचनंतर माझे हात कणकेत असतात आणि नेमका तेव्हाच धाकट्याच्या हातात फोन असतो. तो सातवीत आहे. क्लासला सायकलवर जातो, परत येताना अंधार पडतो, म्हणून ह्यांचा जुना अँड्रॉइड त्याला दिला. शाळेचा ग्रुप मात्र माझ्याच फोनवर आहे. व्हॉट्सअ‍ॅपची अट 13 वर्षांची आहे आणि मी ती पाळते, बाकीच्या आया हसल्या तरी.

अ‍ॅप चालू करणं जरा किचकट आहे. जुन्या फोनवर बाबांचंच जीमेल ठेवून चालत नाही. ते काढून मुलाचं स्वतःचं खातं घालावं लागतं, आणि 13 वर्षांखालच्या मुलाचं खातं आई-वडिलांच्या खात्याशी जोडूनच उघडतं. हा खटाटोप टाळायला कितीतरी जण जन्मसाल मागचं टाकतात. असं केलं की गूगलच्या लेखी तुमचा पोरगा चांगला बाप्या झाला, मग लहान मुलांसाठीची बंधनं त्याला लागतील कशी? खरी तारीख टाका.

वेळेची मर्यादा ठीक आहे. ठरलेला वेळ संपला की फोन बंद होतो, पण आलेला कॉल घेता येतो आणि आपण 'कायम चालू' ठेवलेली अ‍ॅप चालतात. रात्रीची वेळही ठरवता येते. फोन बंद झाला की चिरंजीव ओट्याशी येऊन 'आई, दहाच मिनिटं' सुरू करतात, नाहीतर टीव्ही लावतात. जास्तीचा वेळ माझ्या फोनवरून देता येतो, म्हणजे चिकाटी कुणाची जास्त एवढाच प्रश्न उरतो. नकाशावर तो कुठे आहे ते दिसतं. त्याच्या फोनचं नेट बंद असलं तर जुनीच जागा दिसते, हे लक्षात ठेवा आणि लगेच घाबरू नका.

मला खरी किंमत वाटते ती परवानगीच्या सोयीची. त्याला कुठलंही नवं अ‍ॅप हवं असलं की विनंती माझ्या फोनवर येते. परवा फोटोचं कार्टून करणारं एक अ‍ॅप मागितलं. हात पुसले आणि त्याला शेजारी बसवून प्ले स्टोअरचं पान उघडलं. तिथे खाली 'डेटा सेफ्टी' म्हणून भाग असतो, तो सहसा कुणी वाचत नाही. अ‍ॅप कुठली माहिती गोळा करतं आणि दुसऱ्यांना देतं ते बनवणाऱ्यानं तिथे लिहिलेलं असतं. यात ठावठिकाणा होता. मी म्हटलं, "कार्टून काढायला आपलं घर कुठे आहे ते कशाला हवं रे?" तो म्हणाला, "सगळ्यांकडे आहे." सगळे म्हणजे कोण, असं विचारत गेले तेव्हा गाडी गेमवर आली. क्लासमधल्या एका मोठ्या मुलाच्या फोनवर ही पोरं गेम खेळतात, तिथे कानाला हेडफोन लावून अनोळखी माणसांशी बोलतात, आणि त्यातल्या एकानं फुकट डायमंड (गेममधले पैसे) देतो म्हणून घरच्यांच्या फोनवर येणारा ओटीपी मागितला होता. यानं दिला नाही, पण घरी सांगितलंही नव्हतं. ती विनंती आली नसती तर हे मला कळलंच नसतं.

आता उणी बाजू. कुठलं अ‍ॅप किती वेळ वापरलं ते दिसतं, आत कोण काय बोललं ते दिसत नाही. मित्राच्या फोनवर याचा काही उपयोग नाही. यूट्यूबला तीन पातळ्या आहेत, सगळ्यात खालची 9 वर्षांपुढची. मी तीच ठेवलीय, तरी अधूनमधून सोबत बसून बघते.

थोरली दहावीत आहे, तिचं इन्स्टाग्रामचं प्रकरण वेगळं. फेब्रुवारी 2025 पासून भारतातही तिथे 'टीन अकाउंट' आलंय. खातं आपोआप खाजगी, रात्री 10 ते सकाळी 7 सूचना बंद, आणि 16 वर्षांखाली या गोष्टी सैल करायला पालकांची परवानगी. इन्स्टाग्रामवर तिच्या खात्याला आपली देखरेख जोडली की गेल्या सात दिवसांत ती कुणाशी बोलली ते दिसतं, काय बोलली ते नाही. मला ते बरोबर वाटतं. पंधरा वर्षांच्या मुलीची पत्रं मी फोडली नसती. इथेही जन्मसाल खरं हवं, हे आलंच.

एक गोष्ट मात्र मला फॅमिली लिंकमध्ये समोर कुठे दिसली नाही: काही घडलंच तर पुढे काय करायचं. म्हणून फ्रिजवर सिलिंडरवाल्याच्या नंबरशेजारी दोन नंबर लिहिलेत. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले तर 1930, लगेच, उद्या बघू नाही. मुलाला कुणी त्रास देत असेल तर 1098. मुलांचे घाणेरडे फोटो-व्हिडिओ वगैरे असेल तर सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर नाव न देताही तक्रार करता येते. आणि पोरांना बजावून ठेवलंय, आधी स्क्रीनशॉट काढायचा, मग ब्लॉक.

हे अ‍ॅप गुपचूप लावता येत नाही. फोनवर देखरेख आहे हे मुलाला दिसतं, तेव्हा सांगूनच लावा. तुमच्याकडे आयफोन असला तरी चालेल, पण मुलाचा फोन अँड्रॉइड हवा. त्याच्याकडेही आयफोन असेल तर यात वेळ घालवू नका, त्यातलं 'स्क्रीन टाइम' वापरा.