एका चौकोनाचे वेडेवाकडे टाके

कथा-कादंबरीतली बाई शिवणकामात रमत असली तर ती बहुधा सोशिक निघते, सुई बघून वैतागत असली तर बंडखोर. मी तीस वर्षं गोधड्या शिवतेय आणि या दोघींमध्ये मला मी कधी सापडले नाही. सुसान ग्लास्पेल यांच्या ‘अ ज्युरी ऑफ हर पिअर्स’ या १९१७च्या कथेत सापडले.

अमेरिकेतलं आडबाजूचं शेतघर. नवऱ्याचा गळा दोरानं आवळलेला, बायको मिनी तुरुंगात. पुरुष वरच्या मजल्यावर आणि गोठ्यात पुरावा शोधताहेत. शेजारीण मिसेस हेल आणि शेरीफची बायको खाली स्वयंपाकघरात. तिथे त्यांना अर्धवट गोधडी दिसते. नमुना ‘लॉग केबिन’, म्हणजे मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या जोडत जायच्या. ही गोधडी मिनी धावदोऱ्यानं भरणार होती की नुसत्या गाठी मारणार होती, असा विषय निघतो आणि शेरीफ हसतो.

त्यात हसण्यासारखं काही नाही. तिन्ही थरांतून बारीक धावदोरा घालायचा तर काम लांबत जातं, गाठींनी लवकर उरकतं. बाईला किती उसंत होती, ते यावरून कळतं.

मग तो एक चौकोन. बाकी सगळे टाके एकसारखे, सुबक. याचे मात्र वेडेवाकडे. मिसेस हेल तो उसवते, सुईत दोरा ओवते आणि नीट शिवायला घेते. इथे मी पुस्तक मिटून बसले. बहीण आजारी असताना मी जोडलेली एक पट्टी अजून घरात आहे. टाके इतके आवळलेले, की कापड चुणलंय. मी ती उसवलेली नाही.

एक गोष्ट खटकली. जिनं हे शिवलं ती मिनी कथेत समोर येतच नाही. तिला शिवायला आवडायचं, की दुसरं काही उरलंच नव्हतं? हे तिच्या तोंडून ऐकायला हवं होतं.

याच प्रसंगावर ग्लास्पेल यांचं ‘ट्रायफल्स’ हे १९१६चं नाटक आहे, पण आधी कथाच वाचा. कथेत आपण मिसेस हेलच्या मनात असतो. शेजारीण असून आपण मिनीला भेटायला गेलो नाही, ही तिची बोच तिथे जास्त आत जाते. शेवट सांगत नाही; गोधडीचा तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो आणि उत्तर मिसेस हेल देते.