ठोके थांबलेत: वाट बघावी, गोळ्या घ्याव्यात की पिशवी साफ करावी?

पोटातल्या गर्भाचे ठोके थांबणं मला दोनदा सोसावं लागलं. पहिल्यांदा गोळ्या घेतल्या, दुसऱ्यांदा क्युरेटिंग झालं, म्हणजे दवाखान्यात गर्भाची पिशवी साफ केली. सोलापुरात घरचा सल्ला एकच असतो, "पिशवी धुऊन घे आणि मोकळी हो." पण बाराव्या आठवड्याच्या आत ठोके थांबले असतील, ताप नसेल आणि अंगावरून फार जात नसेल, तर बहुतेकींना तीन रस्ते असतात: आपोआप पडायची वाट बघणं, गोळ्या किंवा क्युरेटिंग.

सगळ्यांना पहिली भीती वाटते ती जंतुसंसर्गाची. ब्रिटनमध्ये 1200 बायकांवर झालेला एक अभ्यास 2006 साली छापून आला. त्यात संसर्गाचं प्रमाण तिन्ही रस्त्यांनी सारखंच, 2 ते 3 टक्के निघालं. म्हणून मी निवड वेगळ्या हिशोबाने करायला सांगते: किती दिवस जाणार, कळ नेमकी कधी येणार आणि त्या दिवशी घरात पाणी असणार का. आपल्याकडे नळ काही दिवसांआड येतो. हा हिशोब डॉक्टर करत नाहीत, आपल्यालाच करावा लागतो.

वाट बघण्यात औषध नाही, भूल नाही. पण आठवडा-दोन आठवडे कधीही सुरू होऊ शकतं, अगदी रात्री दोनलासुद्धा. त्याच अभ्यासात वाट बघणाऱ्यांपैकी 44 टक्के बायकांना शेवटी क्युरेटिंग करावंच लागलं, गोळ्यावाल्यांत 13 टक्क्यांना. खेड्यात राहत असाल आणि रात्री गाडीची सोय नसेल, तर हा रस्ता मला पटत नाही.

गोळ्यांचा मोठा फायदा असा की दिवस आपण ठरवू शकतो. आधी मिफेप्रिस्टोन, मग एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल. मी नळाचा दिवस धरला. पिंप, घागरी, बादल्या भरल्या आणि दुपारी गोळ्या जिभेखाली ठेवल्या. खडू चघळल्यासारखं लागतं. अर्ध्या तासाने उरलेला भुगा पाण्याबरोबर गिळला, आणि भर मे महिन्यात अशी हुडहुडी भरली की ट्रंकेतली चादर काढून पांघरली. हे औषधामुळेच होतं, थोड्या वेळाने उतरतं. मग चार-पाच तास जोराच्या कळा, गाठी. नंतर बारा दिवस थोडं थोडं जात राहिलं. मेडिकलमधून गुपचूप या गोळ्यांचं किट मात्र आणू नका. गर्भ पिशवीऐवजी गर्भनळीत असेल तर या गोळ्यांनी तो पडत नाही, आणि नळी फुटली तर जिवावर बेततं.

क्युरेटिंग दहा-पंधरा मिनिटांत उरकतं, नंतरचं जाणंही कमी. हिमोग्लोबिन फार खाली असेल किंवा घरी सोबतीला कोणी नसेल, तर मी हेच सुचवेन. फक्त एक प्रश्न आधी विचारा: सक्शनने (नळीने ओढून) करणार की खरवडून? जागतिक आरोग्य संघटना सक्शनच करा म्हणते. खरवडण्यात पिशवीला इजा होण्याचा, आतून चिकटण्याचा धोका जास्त. मला कोणी सांगितलंच नाही. घरी आल्यावर डिस्चार्ज कार्डावर 'डी अँड सी', म्हणजे खरवडणं, वाचलं तेव्हा कळलं, आणि त्याचा राग अजून आहे.

योनीचं म्हणाल, तर तिथला ओलावा मुळात आंबट असतो आणि त्या आंबटपणातच चांगले जंतू टिकतात. रक्त तसं नसतं. म्हणजे जितके दिवस जास्त जाईल, तितके दिवस तिथली घडी विस्कटलेली राहते आणि मासळीसारखा वास येऊ शकतो. क्युरेटिंगनंतर रक्त जाण्याचे दिवस कमी, पण सोबत अँटिबायोटिक मिळतं. मला त्यानेच खाज सुटली आणि दह्यासारखं पांढरं जायला लागलं. दोन्हींवर साधे उपचार आहेत, लाजून अंगावर काढू नका. आतून धुणं, डेटॉलचं पाणी, सुगंधी वॉश यांतलं काहीच नको; बाहेरून साधं पाणी पुरे. जाऊबाईंनी धुरीसाठी शेगडी पेटवली होती. ओव्याचं पाणी मी प्यायले, धुरीला मात्र नाही म्हटलं. पॅड चार ते सहा तासांनी बदला. जाणं थांबेपर्यंत कप, टॅम्पॉन आणि संबंध नकोत.

सलग दोन तास, तासाला दोन मोठे पॅड भिजले, ताप 100.4 च्या वर गेला किंवा घाण वास सुटला, तर सकाळची वाट न बघता सिव्हिल गाठा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन (पुढच्या बाळाला त्रास होऊ नये म्हणून देतात ते) लागेल का, हे आधीच विचारून ठेवा. पाळी चार ते सहा आठवड्यांनी येते, पण बीज दोन आठवड्यांतही सुटू शकतं. लगेच दिवस जायला नको असतील तर गर्भनिरोधनाचं त्याच भेटीत बोलून घ्या.

आणि नोकरी असेल तर सुट्टीचं बघा. मातृत्व लाभाच्या कायदेशीर तरतुदींत गर्भपातानंतर सहा आठवडे पगारी रजा आहे. डॉक्टरांचा दाखला लागतो, तो कार्डासोबतच मागून घ्या. मी तेव्हा मागितला नव्हता आणि तिसऱ्या दिवशी कामावर उभी होते.