मॉलमधलं अमेरिकन डायनर: आठ महिने खाल्ल्यानंतर

आधी निकाल सांगून टाकतो. तव्यावरचं बिनधास्त मागवा, तळलेलं वेळ बघून मागवा, पास्ता-लझान्याच्या वाटेला जाऊ नका. आठ महिने वेगवेगळ्या वारी, वेगवेगळ्या वेळी खाऊन एवढं पक्कं झालं आहे. मेनूकार्ड बारा पानांचं असलं तरी आत मोठा तवा एकच. तुमच्या ताटात काय येणार, हे त्या क्षणी त्या तव्यावर आणखी काय काय चाललंय यावर ठरतं.

डायनर, म्हणजे झटपट खाणं देणारं साधं अमेरिकन हॉटेल, हा प्रकारच तव्याभोवती वाढला. १८७२ साली अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्समध्ये वॉल्टर स्कॉट नावाचा माणूस (त्याच नावाचा कादंबरीकार नव्हे) घोडागाडीतून रात्रपाळीच्या लोकांना खाणं विकू लागला. तिथून पुढे वूस्टर लंच कार कंपनीसारखे कारखाने रेल्वेच्या डब्यासारखी अरुंद डायनर्स तयार करून जागेवर नेऊन बसवू लागले. डबाच अरुंद, म्हणून एक लांब काउंटर, पलीकडे तवा आणि समोर फिरती स्टुलं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पाच-सात मिनिटांत होतील तेवढेच पदार्थ. मॉलमध्ये स्टीलचे पत्रे, निऑनचे दिवे आणि काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी येते, पण तवा बऱ्याचदा भिंतीआड जातो. काउंटरवरून तवा दिसत असेल तर बूथचा (समोरासमोर गादीचे बाक असलेल्या टेबलाचा) मोह सोडून तिथेच बसा. तवा खरवडून साफ होतोय की जुन्या काजळीवरच नवं पडतंय, हे दोन मिनिटांत कळतं.

अंडी आणि बर्गर यांचं एका तव्यावर पटत नाही. अंड्याचा पांढरा भाग साधारण ६२ अंश सेल्सिअसला घट्ट व्हायला लागतो, त्यामुळे अंड्याला १३० ते १५० अंशांचा तवा पुरतो. पॅटीला तपकिरी, खमंग थर यायचा तर तवा १९० च्या आसपास हवा. मोठ्या तव्याखाली दर फुटाला वेगळा बर्नर आणि वेगळी कळ असते, म्हणजे एक बाजू मंद ठेवता येते. निवांत वेळी ठेवतातही. मल्टिप्लेक्सचा शो सुटला की मात्र सगळा तवा बर्गरच्या आचेवर जातो. तेव्हा सनी साइड अप (न उलटता केलेलं, बलक वर दिसणारं अंडं) मागवलंत तर कडा जाळीदार, करपट, चिवट आणि वर बलकाभोवती पांढरं पाणीच. गर्दीत 'ओव्हर इझी' मागवा. अंडं उलटून वीस-तीस सेकंद दुसऱ्या बाजूने शेकलं जातं, त्यामुळे वरचं पांढरं घट्ट होतं आणि बलक वाहताच राहतो. ऑम्लेटही चालतं, फक्त तीनपेक्षा जास्त अंड्यांचं, भाज्या-चीज कोंबलेलं नको. ते मधे कच्चं राहतं.

हॅश ब्राउन हा इथला सगळ्यात फसवा पदार्थ. किसलेला बटाटा धुऊन स्टार्च काढलेला, घट्ट पिळून कोरडा केलेला असेल आणि तव्यावर सहा-सात मिनिटं कोणीही न हलवता राहिला, तर कुरकुरीत होतो. ओला बटाटा आधी वाफेवर शिजतो, मग शेकतो, आणि तोवर त्याचा लगदा झालेला असतो. दुसरी चूक घाईची: चार मिनिटांत उलटला की वरून सोनेरी, आतून पांढराफटक. ऑर्डर देताना 'चांगले कडक करा, वेळ लागला तरी चालेल' एवढं म्हटलं की निम्मं काम होतं. निम्मंच, कारण फ्रोझन चौकोनी वडी वापरणाऱ्या ठिकाणी या विनंतीचा काही उपयोग नाही.

पॅनकेकसाठी घड्याळ बघा. पिठात ताक आणि खायचा सोडा असेल तर दोन्ही एकत्र आल्या आल्या बुडबुडे सुटतात आणि भांड्यात पीठ उभं राहिलं की हवा निघून जाते. म्हणून उघडल्यावर पहिल्या तासाभरातले पॅनकेक बोटभर जाड आणि हलके, तर दुपारचे चपटे व वातड. 'दिवसभर नाश्ता' ही पाटी खरी असते, पण त्या नाश्त्याचं पीठही दिवसभराचं असू शकतं. सोबत येणारं सिरप कुठलं तेही विचारून घ्या. मेपल सिरप म्हणजे मेपलच्या झाडाचा रस आटवलेला, पातळसर, किंचित धुरकट चवीचा. 'पॅनकेक सिरप' म्हणजे बहुधा कॉर्न सिरपमध्ये रंग आणि स्वाद. ते घट्ट ओघळतं आणि पॅनकेकवर नुसतं बसून राहतं.

बर्गरबद्दल थोडक्यात, कारण हा पदार्थ क्वचितच बिघडतो. खिम्यात २० टक्के चरबी हवी. पॅटी तव्यावर पडल्या पडल्या पहिल्या अर्ध्या मिनिटातच दाबायची. नंतर कलथ्याने दाबणारा आचारी दिसला तर तुमचा रस तव्यावर चाललाय असं समजा. बन लोण्यात शेकलेला नसेल तर तिसऱ्या घासाला खालचा भाग हातात येतो. चीजमध्ये 'अमेरिकन' आणि 'चेडर' असा पर्याय असेल तर नाक न मुरडता अमेरिकन घ्या: त्यातल्या इमल्सिफायिंग (चरबी आणि पाणी एकत्र धरून ठेवणाऱ्या) क्षारांमुळे ते तूप न सोडता वितळतं, जुनं चेडर तेलकट होऊन फाटतं.

शाकाहारी मंडळींनी मात्र थेट विचारावं. व्हेज पॅटी त्याच तव्यावर, त्याच कलथ्याने होते, आणि फ्राइज बहुतेक वेळा चिकन स्ट्रिप्सच्याच तेलात तळले जातात. काही ठिकाणी फ्राइजला वेगळा फ्रायर असतो. वाढणाऱ्याला माहीत नसेल तर त्याला आत जाऊन विचारायला लावा. 'हो हो, वेगळंच आहे' हे जागच्या जागी आलेलं उत्तर धरू नका.

फ्राइजचं गणित सरळ आहे. तेल १७५ ते १८० अंश, वेळ साडेतीन-चार मिनिटं. तळायची जाळी काठोकाठ भरली की तेल थंड पडतं, बटाटा तेल पितो आणि मऊ पडतो. तळून झाल्यावर गरम ठेवणाऱ्या दिव्याखाली सात-आठ मिनिटं राहिले तरी कुरकुरीतपणा जातो. यावर एक उपाय हमखास लागू पडतो: फ्राइज बिनमिठाचे मागवा. मीठ लावलेली आयती रास बाजूला राहते, तुमच्यासाठी नवी जाळी तेलात सोडावी लागते. मीठ टेबलावर असतंच.

मिल्कशेक हा इथे परत परत जाण्याचा खरा मुद्दा. स्टीलच्या उंच पेल्यात आइस्क्रीमचे तीन-चार मोठे गोळे, त्यावर जेमतेम १०० मिलिलिटर दूध, आणि वरून खाली उतरणाऱ्या दांडीचं मिक्सर. पात्याच्या ब्लेंडरमध्ये केलेला शेक फेसाळ आणि पातळ होतो, कारण पातं जोरात फिरून उष्णता देतं आणि हवा कोंबतं. दांडीचं यंत्र मळल्यासारखं करतं. (असली पाच दांड्यांची मल्टिमिक्सर यंत्रं विकत हिंडतानाच, पुढे मॅकडॉनल्ड्सची साखळी उभी करणाऱ्या रे क्रॉकला मॅकडॉनल्ड बंधूंचं दुकान सापडलं होतं.) ग्लास भरून झाल्यावर पेल्यात उरलेला शेकही टेबलावर यायला हवा. तो आला नाही तर मागा, तो तुमचाच आहे. मेनूवर 'मॉल्ट' दिसला तर तोच घ्या: दोन मोठे चमचे मॉल्टेड मिल्क पावडर घातली की गोडी थोडी दबते आणि भाजक्या धान्याची चव येते. शेक पातळ येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे सतत उघडझाप होणारा, आइस्क्रीम मऊ पडलेला फ्रीजर. रविवारी संध्याकाळी हे हटकून होतं.

कॉफी पुन्हा पुन्हा भरून मिळते म्हणून ती चांगली असतेच असं नाही. काचेचा जार गरम पट्टीवर अर्ध्या तासापेक्षा जास्त राहिला की कडू, करपट वास येतो. जारच्या काचेला तळापासून वर तपकिरी रेघ उमटलेली दिसली तर 'नवी काढाल तेव्हा द्या' म्हणा. नारिंगी मुठीचा जार दिसला तर ती डिकॅफ, म्हणजे कॅफीन काढलेली कॉफी. सांका या डिकॅफ कॉफीच्या ब्रँडच्या जाहिरातीतून आलेला हा रंग आता सगळीकडे रूढ झाला आहे.

बसण्याबद्दल: बूथ दिसायला छान, पण टेबल जमिनीला पक्कं असतं, पुढे-मागे सरकत नाही. चार मोठी माणसं नीट मावतात, पाचवा अर्धा बाहेर. स्टील, काच आणि फरशी यांत आवाज मुरत नाही, घुमतो, त्यामुळे वयस्कर मंडळी सोबत असतील तर मॉलच्या मोकळ्या बाजूचं टेबल टाळून आतल्या कोपऱ्यातला बूथ मागा. बसताना वर एसीचं तोंड कुठे आहे तेही बघा. थेट खाली बसलात तर अंडी तीन मिनिटांत गार आणि चीज पुन्हा घट्ट. पार्किंगच्या पावतीवर शिक्का बिल देतानाच मारून घ्या, नंतर काउंटरवर रांग लागते.