कर्नाळा की कलावंतीण?

दसरा सरला की आमच्या नेरूळच्या ग्रुपमध्ये ट्रेकला कुठे जायचं, हाच वाद. दोन्ही किल्ले पनवेलजवळ. कर्नाळा सोपा: गोवा महामार्गालगत अभयारण्याचं गेट, मग दाट सावली. पंधरा जण, त्यात कुणाची आई असली तरी जमतं. फक्त सुळक्यावर मधमाश्यांची पोळी असतात. अत्तर आणि आरडाओरडा घरीच ठेवा.

कलावंतीण वेगळंच प्रकरण. पायथ्याच्या ठाकूरवाडीहून प्रबळमाची या डोंगरावरच्या वस्तीपर्यंतच दमछाक, मानेवर ऑक्टोबरचं ऊन, पुढे कातळात खोदलेल्या उंच पायऱ्या. कठडा नाही. रविवारी उतरणाऱ्यांना वाट द्यायला भिंतीला पाठ चिकटवून उभं राहावं लागतं. मोठा ग्रुप नकोच, सहा जण पुरे. पण माचीवरची ती गरम पिठलं-भाकरी! पहाटे पाचला निघणार असाल, तर माझं मत कलावंतीणलाच.