चिऱ्याचं घर, परसातली विहीर आणि तीन ईएसपी-३२: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी पहिला ईएसपी-३२ बोर्ड मागवला, म्हणजे आपण लिहिलेला कोड चालवणारा, वायफाय असलेला छोटा संगणक-बोर्ड. तीस पिनांचा साधा डेव्हकिट, साडेचारशे रुपयांचा. आमचं घर कुडाळपासून आत, चिऱ्याचं, कौलारू. परसात विहीर, तिच्या कडेला मांगर (अवजारं-सामान ठेवायची साधी खोली), मांगरात एक अश्वशक्तीचा पंप, आणि न्हाणीघराच्या स्लॅबवर हजार लिटरची काळी टाकी. घरात आई एकटी असते, मी नोकरीसाठी कोल्हापूरला. टाकी भरली का हे बघायला आई लोखंडी शिडीवर चढायची. तिचं वय बहात्तर. तिने त्या शिडीवर चढू नये, एवढ्यासाठी हे सगळं सुरू झालं.

त्याआधी मी आर्डुइनो उनो ह्या नवशिक्यांच्या बोर्डावर दिवे लुकलुकवण्यापलीकडे थोडं शिकले होते. उनोची मेमरी २ किलोबाइट आणि वेग १६ मेगाहर्ट्झ. २०१६ मध्ये बाजारात आलेल्या ईएसपी-३२ मध्ये दोन गाभे, २४० मेगाहर्ट्झ वेग, ५२० किलोबाइट मेमरी, आणि त्याच चिपमध्ये वायफाय व ब्लूटूथ. प्रोग्राम लिहायचा त्याच ओळखीच्या आर्डुइनो आयडीईमध्ये, म्हणजे कोड लिहून बोर्डात घालायच्या सॉफ्टवेअरमध्ये. चौदा महिन्यांत दोन उन्हाळे आणि एक अख्खा कोकणी पावसाळा ह्या बोर्डांनी काढला. चिप कमी पडली असं एकदाही झालं नाही. जे जे बिघडलं ते विजेपायी, त्यातही बहुतेक वेळा गेलेली वीज परत आली त्या क्षणी. म्हणून ह्या अनुभवात वेगाचे आकडे कमी आणि विजेच्या गोष्टी जास्त आहेत.

मांडणी अशी आहे. टाकीवर एक बोर्ड, तो बॅटरी आणि छोट्या सौर पॅनेलवर चालतो. मांगरात दुसरा, पंपासाठी. तिसरा घरात, पडवीच्या खिडकीत. तो बाकी दोघांचं ऐकतो, छोट्या पडद्यावर आईला दाखवतो आणि इंटरनेटवरून एमक्यूटीटीने (उपकरणांनी छोटे निरोप पाठवायची पद्धत) माझ्या फोनपर्यंत पोचवतो. चिऱ्याच्या जाड भिंतींतून राउटरचं वायफाय मांगरापर्यंत जात नव्हतं. बोर्डावर छापलेल्या अँटेनाऐवजी बाहेरची अँटेना जोडता येणारा '३२-यू' प्रकार घेतला, अँटेना खिडकीच्या गजाबाहेर काढली, आणि मांगर व टाकी ह्यांच्याशी बोलायला वायफायऐवजी ईएसपी-नाऊ वापरलं. ह्यात राउटर लागत नाही, एक बोर्ड दुसऱ्याला थेट निरोप पाठवतो. एका निरोपात २५० बाइट तरी मावतात. पाण्याची पातळी, तापमान आणि बॅटरीचा व्होल्टेज ह्यांना त्यातले वीससुद्धा लागत नाहीत.

पहिला मोठा घोळ इथेच झाला. जूनमध्ये मिरगाचा पाऊस सुरू झाला आणि दिवसातून चार-पाच वेळा वीज जाऊ लागली. वीज आली की कधी सगळं आपोआप सुरू व्हायचं, कधी टाकी आणि मांगर दोघेही गप्प. घरातला बोर्ड मात्र इंटरनेटला व्यवस्थित जोडलेला. आधी वाटलं पावसाने अँटेना भिजली. मग वाटलं बॅटरी उतरली. दोन शनिवार-रविवार टाकीवरचा डबा उघडून बसले. कारण निघालं भलतंच. घरातला बोर्ड राउटरला जोडलेला असतो, तेव्हा त्याचं ईएसपी-नाऊसुद्धा राउटरच्याच चॅनेलवर (वायफायच्या क्रमांक दिलेल्या पट्ट्यावर) चालतं. राउटर 'ऑटो'वर होता. वीज जाऊन आली की तो मोकळा चॅनेल शोधायचा. काल ६ वर होता तो आज ११ वर. टाकीवरचा बोर्ड बिचारा ६ वरच हाका मारत राहायचा. राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल ६ कायमचा केला आणि त्या दिवसापासून हा त्रास बंद झाला. पुढे टाकीच्या बोर्डात आणखी एक सोय केली: निरोपाला पोच आली नाही तर १ ते १३ चॅनेल एकामागून एक करून बघायचे आणि लागलेला चॅनेल आरटीसी मेमरीत लक्षात ठेवायचा. ही मेमरी डीप स्लीपमध्येही, म्हणजे वीज वाचवायला चिप गाढ झोपते तेव्हाही, पुसली जात नाही. घरातल्या बोर्डावर वायफायची झोपसुद्धा बंद ठेवावी लागते, नाहीतर मधले निरोप हुकतात.

ह्याच्याच जोडीचा दुसरा दोष माझ्या कोडमध्ये होता. वीज आली की बोर्ड एक-दोन सेकंदांत जागा होतो, राउटरला मात्र दोन मिनिटं लागतात. माझा प्रोग्राम वीस सेकंद वाट बघून जोडणीचा नाद सोडायचा आणि मग कुणी रीसेट करेपर्यंत तसाच बसायचा. इंटरनेटवर नवशिक्यांसाठी दिलेल्या बऱ्याच नमुन्यांमध्ये जोडणी फक्त सुरुवातीला एकदा केलेली असते. घरात कायम चालायच्या वस्तूसाठी ती लूपमध्ये (कोडच्या सतत फिरणाऱ्या भागात), ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा, आणि बाकीची कामं न अडवता करायला हवी. आता मी कोणताही नवा कोड घातला की मेन स्विच बंद करते, दहा सेकंदांनी चालू करते, मग पाच मिनिटांनी पुन्हा तेच. असं पाच-सहा वेळा केल्याशिवाय बोर्ड भिंतीवर लावत नाही.

ऑगस्टमध्ये आईचा फोन आला, "टाकी ऐंशी टक्के दाखवता, पण नळाक पाणी नाय." ऐकून माझा जीव खाली-वर झाला, कारण तिने त्या पडद्यावर विश्वास ठेवला होता आणि पडदा खोटं बोलत होता. झालं होतं असं: एमक्यूटीटीत निरोप 'रिटेन' करून ठेवता येतो, म्हणजे ब्रोकर (निरोपांची देवाणघेवाण करणारा सर्व्हर) शेवटचा निरोप जपून ठेवतो आणि नव्याने जोडणाऱ्याला लगेच देतो. घरातला बोर्ड रीसेट झाला तरी आकडा लगेच दिसावा, म्हणून मी पातळी रिटेन केली होती. टाकीवरची बॅटरी दोन दिवस मेलेली होती आणि पडदा परवाचे ऐंशी टक्के दाखवत होता. आता प्रत्येक आकड्यासोबत तो कधीचा ती वेळही पाठवली जाते आणि पडद्यावर 'किती मिनिटांपूर्वी' हे लिहिलेलं असतं. पाऊण तास काही आलं नाही, तर आकडा पुसून मोठं प्रश्नचिन्ह येतं. वेळ एनटीपीवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या घड्याळावरून, घेते. भारतासाठी त्यात १९८०० सेकंद, म्हणजे साडेपाच तास, मिळवायचे.

रिटेनबद्दल आणखी एक, आणि हे फार महत्त्वाचं: पंप चालू करण्याचा हुकूम कधीही रिटेन करू नका. वीज परत आल्यावर बोर्ड ब्रोकरला जोडला जाईल, कालचा जुना हुकूम त्याला मिळेल आणि कुणी घरात नसताना पंप सुरू होईल. स्थिती रिटेन केली तर चालेल, हुकूम मुळीच नाही.

बॅटरी दोन दिवस का मेली, त्याचं उत्तर बोर्डावरच्या फुटकळ भागांत आहे. चिप डीप स्लीपमध्ये जेमतेम १० मायक्रोअँपिअर घेते असं सगळीकडे वाचलं होतं. मीटर लावला तर माझा अख्खा बोर्ड झोपेतही सुमारे १० मिलिअँपिअर खात होता, म्हणजे हजारपट. पॉवरचा लाल दिवा, यूएसबीची चिप आणि एएमएस१११७ रेग्युलेटर (व्होल्टेज ३.३ वर आणणारा भाग) ही मंडळी झोपतच नाहीत. २६०० मिलिअँपिअर-तासांचा १८६५० लिथियम सेल ह्या हिशोबाने अकरा दिवसांत रिकामा होतो, आणि आषाढ-श्रावणात आमच्याकडे सलग आठ-दहा दिवस पॅनेलला ऊन दिसत नाही. शिवाय ह्या रेग्युलेटरला स्वतःसाठीच एक व्होल्टच्या वर फरक लागतो, त्यामुळे सेल ३.७ वर आला की चिपला ३.३ मिळतच नाहीत, वायफाय लागताना ब्राउनआउट होतो, म्हणजे व्होल्टेज कोसळतो, आणि बोर्ड पुन्हा पुन्हा रीसेट होत राहतो. मी टाकीसाठी नुसतं मॉड्यूल घेतलं, त्यावर एचटी७३३३ रेग्युलेटर आणि ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. झोपेत सेन्सरची वीज मॉस्फेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) तोडली. दर पंधरा मिनिटांनी जागं होणं, मोजणं, ईएसपी-नाऊने सांगणं, झोपणं. वायफायला जोडायला चार-एक सेकंद लागायचे, आता सगळं मिळून एका सेकंदाच्या आत आटोपतं. सप्टेंबरपासून ती बॅटरी मी काढलेली नाही.

बॅटरीचा व्होल्टेज मोजताना एक रविवार गेला, तोही सांगते. ह्या चिपवर एडीसीचे (व्होल्टेज मोजून आकडा देणाऱ्या भागाचे) दोन गट आहेत, आणि वायफाय चालू असताना दुसऱ्या गटाच्या पिना वाचता येत नाहीत. ३२ ते ३९ ह्या पिना पहिल्या गटातल्या, तिथेच जोडा. त्यातल्या ३४ पासून पुढच्या फक्त इनपुट आहेत आणि त्यांना आतला पुलअप (पिन वरच्या पातळीला धरून ठेवणारा रोधक) नाही. शून्याजवळ आणि ३ व्होल्टच्या आसपास वाचन वाकडं येतं, तेव्हा रोधकांनी विभागून व्होल्टेज मधल्या पट्ट्यात आणलेला बरा.

टाकीतला सेन्सर जेएसएन-एसआर०४टी, जलरोधक अल्ट्रासोनिक. त्याला जवळचे २० ते २५ सेंटिमीटर दिसतच नाहीत, म्हणून झाकणावर रुंद पाइपचा तुकडा बसवून त्याला वर उचलावं लागलं. त्याचा इको (चिपकडे येणारा संकेत) ५ व्होल्टचा असतो आणि चिप ३.३ ची, तेव्हा मध्ये १ आणि २ किलोओहमचे रोधक हवेतच. पण मला ह्या सेन्सरने खरा आनंद दिला तो एप्रिलमध्ये. आलेखात दिसायचं की दुपारी, पंप बंद असताना, टाकी हळूहळू भरतेय आणि संध्याकाळी उतरतेय. आधी वाटलं सेन्सर खराब. मग लक्षात आलं, काळ्या टाकीतली हवा तापतेय. आवाजाचा वेग २५ अंशांना सेकंदाला सुमारे ३४६ मीटर, ४५ अंशांना सुमारे ३५८. प्रतिध्वनी लवकर परततो, कोडला पाणी जवळ आल्यासारखं वाटतं. मीटरभर अंतराला साडेतीन सेंटिमीटरचा फरक, म्हणजे आमच्या टाकीत तीस लिटरच्या आसपास. शाळेत पाठ केलेलं सूत्र आमच्या न्हाणीघराच्या स्लॅबवर स्वतःहून आलेखात उमटलं होतं. तो आलेख मी अजून जपून ठेवलाय. आता झाकणाखाली डीएस१८बी२० तापमानमापक आहे आणि वेग त्यावरून काढला जातो. पहाटे सेन्सरवर थेंब धरतात तेव्हा वेडेवाकडे आकडे येतात, त्यासाठी सात वाचनं घेऊन मधलं ठेवते.

पंपाबाबत एवढंच: निळ्या रिलेवर (बोर्डाने चालवायच्या स्विचवर) १० अँपिअर लिहिलेलं असतं, पण सुरू होताना मोटर चालतानाच्या कितीतरी पट करंट ओढते आणि रिलेचे संपर्क चिकटू शकतात. चिकटले तर पंप बंदच होणार नाही. माझा रिले फक्त काँटॅक्टरची (मोटरसाठीच्या दणकट स्विचची) कॉइल चालवतो, काँटॅक्टर पंप चालवतो, आणि २३० व्होल्टचं सगळं काम गावच्या वायरमनदादांनी केलं. बहुतेक रिले मॉड्यूल पिन खाली गेली की चालू होतात, त्यामुळे बोर्ड सुरू होताना पंपाला झटका बसायचा. पिन आउटपुट करण्याआधी तिची पातळी वर ठेवली आणि १० किलोओहमचा पुलअप लावला, तेव्हा ते थांबलं. पंप पंचवीस मिनिटांनी बंद करण्याचा निर्णय मांगरातला बोर्ड स्वतः घेतो, घरातून निरोप येवो न येवो.

पडद्यावर मराठी आणणं सोपं नव्हतं. १२८ बाय ६४ ठिपक्यांचा ओएलईडी पडदा इंग्रजी छान दाखवतो, पण माझी लायब्ररी (आयता कोडसंच) अक्षरं ज्या क्रमाने साठवलेली असतात त्याच क्रमाने मांडते, त्यामुळे 'विहीर' मधली पहिली वेलांटी 'व'च्या उजवीकडे जाऊन बसायची. शेवटी टाकी, विहीर, पंप, चालू, बंद असे शब्द चित्रं म्हणून साठवले. मेहनत झाली, पण आईला चष्मा न लावता वाचता येतं.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी आर्डुइनोच्या ईएसपी-३२ कोअरची (आयडीईला ह्या चिपसाठी जोडायच्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती वहीत लिहून ठेवा. २०२४ मध्ये ३.० आली तेव्हा ईएसपी-नाऊचा निरोप घेणाऱ्या फंक्शनची रचना आणि बझर वाजवायची फंक्शन्स बदलली. माझा चालता कोड नव्या लॅपटॉपवर कंपाइलच होईना, आणि मी ज्या नमुन्यांवर शिकले ते सगळे जुन्या आवृत्तीचे.

ह्या मेमध्ये, पावसाच्या तोंडावर विजांचा कडकडाट झाला त्या रात्री मांगरातला बोर्ड गेला. विहिरीतल्या फ्लोट स्विचपासून (पाण्यावर तरंगून पातळी सांगणाऱ्या स्विचपासून) येणारी लांब तार थेट पिनेला जोडलेली होती. आसपास कुठेतरी वीज पडली असावी आणि तारेतून झटका आत आला. आता तिथे पीसी८१७ ऑप्टोकपलर आहे, तो तारेतला संकेत प्रकाशाने पुढे देतो, त्यामुळे तार पिनेला थेट जोडलेली नाही. सुदैवाने दिवाळीतच मी प्रत्येक बोर्डाची एक जोडी तयार करून, कोड घालून, नाव चिकटवून कपाटात ठेवली होती. बोर्डाकडे येणाऱ्या सगळ्या तारा ५ आणि १२ व्होल्टच्या, वेगळ्या डब्यात, दोन सॉकेटांत घट्ट बसणाऱ्या. मी आईला फोनवर सांगायला सुरुवात केली की आधी भिंतीवरचा स्विच बंद कर, मग डब्याचं झाकण उघड. पलीकडून उत्तर आलं, "जुनो काढलंय, नवो घातलंय. आकडो इलो बघ."