स्वतंत्र विधेयक की संरक्षण विधेयकाचं शेपूट?

कर्तव्यावर मृत्यू आलेल्या पोलिसांच्या सन्मानाचं विधेयक अमेरिकी काँग्रेसमध्ये दोन्ही पक्षांनी मिळून आणलं, तरी ते कोणत्या वाटेनं न्यायचं यावर समर्थकांचं अडतंच.

स्वतंत्र आणलं तर प्रतिनिधीगृहात (काँग्रेसचं खालचं सभागृह) झटपट पद्धतीनं 40 मिनिटांची चर्चा, दोन-तृतीयांश मतं, काम फत्ते. खरी गोची सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात. तिथे मतदानाशिवाय सर्वसंमतीनं मंजूर करायचं, तर एकाही सदस्यानं हरकत घेतली की सर्वसंमती संपली. मग चर्चा थांबवायला 100 पैकी 60 मतं जमवा. तरी आत्महत्या केलेल्या पोलिसांच्या कुटुंबांना लाभ खुला करणारा 2022 चा कायदा याच स्वतंत्र वाटेनं झाला.

दुसरी वाट म्हणजे आपलं कलम लष्कराच्या वार्षिक संरक्षण विधेयकाला शेपटासारखं जोडणं. ते विधेयक दरवर्षी मंजूर होतंच. पण बहुधा डिसेंबरपर्यंत थांबा, आणि वाटाघाटीत आपलं कलम गळूही शकतं.

पदक, नामकरण असं बिनखर्चाचं असेल तर स्वतंत्रच. खर्च मोठा आणि एखादा सिनेटर अडून बसलेला असेल, तर शेपूट धरा.